पंधराचा फरक

दसऱ्यानंतरचा सोमवार, साल २०२१. दुपारी अडीचच्या सुमाराला दुकानात चिटपाखरू नव्हतं. आण्णांचा थोरला आला आणि काही न बोलता त्यानं काउंटरवर पिशवी उपडी केली.

"दादा, एवढं परत घ्या. कालपास्नं आण्णांच्या सगळ्या गोळ्या बंद केल्यात."

"का? काय झालं?"

"काय व्हायचं ऱ्हायलंय? रातभर अंगणाकडं बोट करत्यात. हमाल गुळाचे रवे उतरवायला लागल्यात, मोजून घे म्हणत्यात. मला दोनदा उठवलं. ह्या गोळ्यांनी डोस्कं फिरवलंय त्यांचं."

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं मेडिकल आहे. मी फार्मासिस्ट, डॉक्टर नव्हे. आण्णा हे नाव सगळी गल्लीच त्यांना लावते, म्हणून तेच ठेवलंय. ओळख पटेल असं बाकी काही इथं नाही, आणि घरच्यांना विचारूनच लिहितोय. खाली जे डोस येतील ते फक्त या एका माणसाचे आहेत, ते बघून कुणी स्वतःच्या घरात फेरफार करू नये.

कापलेली स्ट्रिप आम्ही परत घेत नाही. पण पिशवीतून जे बाहेर पडलं ते बघून मी ते सगळं ठेवून घेतलं. पार्किन्सनवरच्या, म्हणजे कंपवातावरच्या, लेव्होडोपा-कार्बिडोपाची अर्धी स्ट्रिप. ॲसिडिटीच्या कॅप्सूल. थरथरीवरचं ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिलिग्रॅम. बीपीची गोळी. आणि कॉफीच्या जुन्या बरणीत करड्या रंगाचं चूर्ण, वर चिठ्ठी नाही की नाव नाही.

पण आधी आण्णांची चौकशी केली.

"शेवटची गोळी कधी दिली?"

"शनवारी रात्री."

"ताप आहे?"

"न्हाई. पण सकाळपास्नं लाकडागत झाल्यात. कूस बदलायची तर आम्ही दोघं लागतोय."

"पाणी गिळता येतंय?"

"हळूहळू घेत्यात."

शनिवार रात्र ते सोमवार दुपार म्हणजे चाळीस तास होऊन गेले होते. पार्किन्सनची गोळी अशी एकाएकी तोडली की मेंदूला तिच्यातून मिळणारं डोपामाइन, हालचाल सुरळीत ठेवणारं रसायन, बंद पडतं. स्नायू आखडत जातात, आखडलेल्या स्नायूंनी अंग तापतं, माणूस भ्रमात जातो, आणि स्नायू मोडून त्यांचा गाळ मूत्रपिंडांवर येतो. प्रत्येकाला इतकं होत नाही. पण ज्याला होतं त्याला आयसीयू लागतं, आणि ओळखायला उशीर झाला तर माणूस हाताला लागत नाही. 'साइड इफेक्ट झाला, बंद करा' हा आपला नेहमीचा शहाणपणा. सर्दीच्या गोळीला तो चालून जातो, या गोळीला चालत नाही.

आण्णांच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन लावला. ते म्हणाले, लेव्होडोपा आत्ताच्या आत्ता सुरू करा, बाकी काही देऊ नका, संध्याकाळी घेऊन या. ताप चढला किंवा गुंगी आली तर माझ्याकडे न येता थेट ॲडमिट करा. आणि पिशवीतल्या सगळ्या गोळ्यांचे फोटो पाठवा.

फोटो पाठवले. दोन मिनिटांत त्यांचाच फोन आला.

"हे एकशेदहा कुणी दिलं? मी एकशेपंचवीस लिहिलंय."

"बघतो," म्हणालो. कॉम्प्युटरवर जुनी बिलं काढली. बिल माझ्याच दुकानाचं होतं.

त्याआधीचे आण्णा

आण्णा अडुसष्टचे. शाहू मार्केट यार्डात गुळाची अडत. तरुणपणी तालमीत घुमलेला माणूस, त्यामुळे बांधा अजून रुंद. गुळाचा रवा फोडायच्या आधी वासावरून माल सांगणारे म्हणून यार्डात त्यांचा दबदबा होता. तो वास पाच-सहा वर्षांपूर्वीच गेला. घरच्यांनी वय झालं म्हणून सोडून दिलं. वास जाणं हे या आजाराचं हात थरथरण्याच्याही कितीतरी आधी येणारं लक्षण असू शकतं, हे कुणाला ठाऊक असणार? मग खतावणीतलं अक्षर बारीक व्हायला लागलं. ओळ सुरू करताना ठीक, शेवटाला मुंग्यांची रांग. मुनीम वैतागला तेव्हा मुलाच्या लक्षात आलं. नंतर उजव्या हाताचा अंगठा बोटावर फिरायला लागला, तंबाखू मळल्यासारखा, हातात तंबाखू नसताना.

फेब्रुवारी २०२१ मध्ये निदान झालं. १२५ ची अर्धी गोळी सुरू करून महिन्याभरात ती सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात अशी दिवसाला तीनवर आणली. गुण चांगला आला. एप्रिलमध्ये शर्टाची बटणं स्वतः लावली, जूनमध्ये रंकाळ्यावर फेरी मारून आले. इथवर प्रकरणात काही नाही.

मग जुलै आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट धरतात. त्या आठवड्यात पाणी ती ओलांडून बरंच वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली, वरून गाडी नाही की खालून नाही. होलसेलरकडे शुगर-बीपीच्या गोळ्या सुद्धा मोजून मिळायला लागल्या. आण्णांच्या गोळ्या नेमक्या तेव्हाच संपल्या. मी त्या दिवशी दुकानात नव्हतो, बहिणीच्या घरात पाणी शिरलं होतं. काउंटरवरच्या पोरानं १२५ शोधली, नव्हती, शेजारची ११० दिली. कंपनी तीच, पाकीट तसंच. संध्याकाळी मला म्हणाला, "शॉर्ट होती, एकशेदहा दिली. पंधराचाच फरक हाय."

मी म्हणालो, "चालतंय."

पूर ओसरला, रस्ता सुरू झाला. पण कॉम्प्युटरवर आण्णांच्या नावापुढे आता ११० पडली होती. पुढचे दोन महिने तीच गेली.

पंधरा कशाचे

पाकिटावरचा आकडा ही बेरीज असते. एकशेपंचवीस म्हणजे शंभर मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि पंचवीस कार्बिडोपा. एकशेदहा म्हणजे शंभर आणि दहा. दोनशे पंच्याहत्तर म्हणजे अडीचशे आणि पंचवीस. बेरीज छापायची ही चाल कुणी पाडली ठाऊक नाही, पण तिनं घोटाळा होतो. ११० आणि १२५ मधलं मूळ औषध तेवढंच. कमी झालं ते दुसरं, पंचविसाचं दहा. म्हणजे निम्म्याहून कमी.

कार्बिडोपा स्वतः पार्किन्सनवर काहीच करत नाही. त्याचं काम राखणदाराचं. लेव्होडोपा पोटातून रक्तात गेलं की मेंदूपर्यंत पोचायच्या आधीच शरीर त्याचं डोपामाइन करून टाकायला बसलेलं असतं. डोपामाइनला मेंदूची वेस ओलांडता येत नाही, लेव्होडोपाला येते. त्यामुळे वेशीबाहेर जेवढं बदललं तेवढं मेंदूला मिळालंच नाही. शिवाय उलटीची कळ दाबणारं केंद्र नेमकं वेशीबाहेरच्या बाजूला आहे. बाहेर साठलेलं डोपामाइन तिथे जाऊन ती कळ दाबतं. कार्बिडोपा वेशीबाहेरची ही नासाडी थांबवतं आणि स्वतः आत जात नाही. त्यासाठी ते दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम तरी पोटात जावं लागतं. आण्णांना १२५ च्या तीन गोळ्यांतून ७५ मिळत होतं. ११० च्या तीन गोळ्यांतून मिळायला लागलं ३०.

या राखणदाराशिवाय काय होतं ते डॉक्टरांनी सत्तर सालाच्या आधी भरपूर बघितलंय. लेव्होडोपा माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं १९६१ मध्ये, व्हिएन्नात. बिर्कमायर आणि हॉर्निकिएविझ या दोघांनी. अंथरुणाला खिळलेली माणसं थोड्या वेळापुरती का होईना उठून चालली. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी ते तोंडावाटे, हळूहळू वाढवत, रोज कित्येक ग्रॅमपर्यंत देऊन गुण टिकवून दाखवला. पण एवढ्या डोसाला मळमळ आणि उलट्यांनी लोक हैराण व्हायचे. पुढे कार्बिडोपाची जोड मिळाली तेव्हा लेव्होडोपाचा डोस जवळजवळ चौथाईवर आला. १९७५ मध्ये अमेरिकेत आलेल्या त्या जोडगोळीचं नाव ठेवलं सिनेमेट. लॅटिनमध्ये 'सिने' म्हणजे विना, आणि पुढचा तुकडा उलटीच्या शब्दातला. विना-उलटी. गोळीचं बारसंच ज्या गोष्टीवरून झालं, तीच गोष्ट आम्ही पुराच्या आठवड्यात गोळीतून काढून घेतली होती.

बी.फार्म.ला हे सगळं शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं. आणि तरी 'चालतंय' म्हणालो.

मळमळ, आणि तिच्या मागून आलेलं बाकी सगळं

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आण्णांना गोळीनंतर अर्ध्या तासानं मळमळायला लागलं. दोनदा उलटी झाली. शरीर नव्या डोसाला सरावतं, काहींची मळमळ आपोआप जाते. आण्णांची गेली नाही. काकूंनी आपला उपाय केला, गोळी दुधाबरोबर द्यायला लागल्या. फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून बघितलं, जळजळ होते का विचारलं, आण्णा म्हणाले थोडी होते. दहा दिवसांची कॅप्सूल लिहून दिली, सकाळी उपाशीपोटी एक.

त्या कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल ४० आणि लेव्होसल्पिराइड ७५ असं मिश्रण होतं. पहिलं आम्लाचं, निरुपद्रवी. दुसरं मात्र जठर हलतं ठेवायला आणि उलटी थांबवायला घातलेलं, आणि ते हे काम करतं डोपामाइनचं दार बंद करून. नुसतं जठरातलं दार बंद झालं असतं तर प्रश्न नव्हता, पण ते मेंदूतलंही करतं. लेव्होडोपा, लेव्होसल्पिराइड. नाव भावाभावांसारखं, काम वैऱ्याचं. एक डोपामाइन आणून देणार, दुसरं दारात आडवं पडणार. पार्किन्सन नसलेल्या म्हाताऱ्या माणसालाही हे औषध महिनोन्महिने दिलं तर हातपाय जड होतात, चेहरा गोठतो, ओठ थरथरतात. कित्येकांना त्यावरून पार्किन्सनचं निदान चिकटतं आणि मूळ कॅप्सूल चालूच राहते.

दहा दिवसांची चिठ्ठी होती. दहा दिवस संपले. पोटाला बरं वाटतंय म्हणून काकू पुन्हा स्ट्रिप न्यायला आल्या. स्ट्रिपवर लाल रेघ आहे, चिठ्ठीशिवाय द्यायची नाही हे मला ठाऊक आहे. 'ॲसिडिटीचीच आहे' म्हणून दिली. पुढे ऑगस्ट अखेर, सप्टेंबर, ऑक्टोबर. बिलं मोजली तेव्हा सहा निघाली. पोरानं दिलेली ११० ही पहिली चूक धरली तर ही दुसरी, आणि हिच्यात पोराचा काही संबंध नव्हता. माझ्या मते दुसरी मोठी.

सप्टेंबरमध्ये आण्णा उंबऱ्यापाशी अडकायला लागले. पाय जमिनीला डिंकानं चिकटल्यासारखे. चेहऱ्यावरचं हसू गेलं. हाताची थरथर परत आली आणि आता खालचा ओठही हलायला लागला. गोळी 'लागंना झालीय' असं घरात ठरलं. एका पाहुण्यानं कवचबीजाचं चूर्ण आणून दिलं, रोज सकाळी चमचाभर दुधातून.

हे चूर्ण भोंदू नव्हतं. उलट ते खरं होतं, अडचण तीच झाली. कवचबीज म्हणजे खाजकुइलीचं बी. आयुर्वेदात कंपवातावर ते फार जुनं. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये याच बियांतून लेव्होडोपा वेगळं काढून दाखवलं. म्हणजे व्हिएन्नाच्या सुईआधी चोवीस वर्षं. बियांत साधारण चार ते सहा टक्के लेव्होडोपा असतं. चमचाभर, पाच ग्रॅम धरलं तर दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम. आण्णा दिवसभरात गोळ्यांतून जेवढं घेत होते जवळजवळ तेवढंच आणखी, एका घोटात, आणि राखणदार शून्य. बी कुठलं, भाजलं किती, शोधन केलं का नाही, यावर आकडा रोज बदलणार. मळमळ वाढली ती इथे. आणि वैद्य असते तर त्यांनी आधी चालू गोळ्या विचारल्या असत्या. इथे वैद्य नव्हतेच, पाहुणा होता.

सप्टेंबरच्या शेवटी थरथर फार वाढली म्हणून मुलगा त्यांना आणखी एका दवाखान्यात घेऊन गेला. नेहमीच्या न्यूरॉलॉजिस्टची वेळ तीन आठवड्यांनंतरची होती, आणि कोरोनाच्या धास्तीनं मधल्या दोन भेटी आधीच चुकल्या होत्या. तिथे विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? मुलानं सांगितलं, पार्किन्सनची आणि बीपीची. कॅप्सूल सांगितली नाही, चूर्ण सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. ॲसिडिटीची कॅप्सूल आपल्याकडे औषधात मोजतच नाहीत, आणि चूर्ण तर घरचं. त्या डॉक्टरांनी समोर दिसणाऱ्या थरथरीवर ट्रायहेक्सिफेनिडिल लिहिलं. माझ्यासमोर तो माणूस आणि तेवढीच माहिती ठेवली असती तर मला काय वेगळं सुचलं असतं, सांगता येत नाही.

ट्रायहेक्सिफेनिडिल थरथरीवर चालतं, तरुण रुग्णाला अजूनही देतात. पण ते मेंदूतलं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन अडवतं, आणि उतारवयात स्मरणशक्तीचा मोठा आधार तोच असतो. आण्णांचं तोंड कोरडं पडलं, शौचाला चार-चार दिवस होईना, लघवी अडखळायला लागली. आणि दसऱ्याच्या आसपास अंगणात हमाल उतरले.

काय केलं, कुठल्या क्रमानं

सोमवारी संध्याकाळी न्यूरॉलॉजिस्टनी त्यांना तपासलं. दुपारी तीनच्या गोळीनंतर अंग थोडं सैल पडलं होतं, ताप नव्हता. रक्त आणि लघवी तपासली, कारण म्हाताऱ्या माणसाला भास व्हायला लघवीतला जंतुसंसर्गही पुरतो. तो नव्हता.

लेव्होडोपा चालूच, १२५ च्या तीन, जुन्याच वेळेला. लेव्होसल्पिराइडची कॅप्सूल त्याच रात्रीपासून बंद. चूर्ण बंद. ट्रायहेक्सिफेनिडिल मात्र एकदम तोडलं नाही, डोस उतरवत आठवड्याभरात थांबवलं, कारण तेही झटक्यात काढलं तर उलटतं. भासांवर नवीन काही दिलं नाही. मुलानं विचारलं, "रात्री शांत झोपायला एखादं इंजेक्शन?" डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं की अशा वेळी सर्रास दिलं जाणारं हॅलोपेरिडॉल या आजारात दार आणखी घट्ट लावतं. लागलंच तर क्वेटियापिनसारखं एखादं, तेही अगदी थोडं, पण आधी दहा दिवस थांबून बघू. मळमळीसाठी डोमपेरिडोन, मोजके दिवस, आधी ईसीजी काढून. डोमपेरिडोनही डोपामाइनचं दार लावणारंच, पण ते मेंदूच्या वेशीच्या आत फारसं जात नाही. हृदयाच्या ठोक्याची तक्रार असली तर मात्र ते जपून.

बीपी झोपून आणि मग उभं करून तीन मिनिटांनी बघितलं, तर वरचा आकडा १३६ वरून ११०. आजारही असं करतो आणि त्याची गोळीही. बीपीची गोळी निम्मी केली. सप्टेंबरात आण्णा दोनदा न्हाणीत तोल जाऊन भिंतीला धरून उभे राहिले होते, त्याचा उलगडा तिथे झाला.

हमाल आठव्या रात्री आले नाहीत. लघवी त्याआधीच सुटली. दिवाळीत आण्णा ओट्यावर खुर्ची टाकून बसले, अभ्यंगाला स्वतःच्या हातानं उटणं लावलं. पण पाय अडकणं पूर्ण जायला डिसेंबर उजाडला, आणि ओठाची थरथर संक्रांतीनंतरही बारीकशी होती. लेव्होसल्पिराइडचा अंमल उतरायला आठवडे, कधी महिने लागतात, काहींच्या बाबतीत सगळा उतरतच नाही. आण्णांच्या ओठात आज जी थोडी थरथर आहे ती आजाराची की माझ्या सहा बिलांची, हे कुणीच सांगू शकत नाही.

दुधाचं काय

घरात सगळ्यांनी दोष दुधाला दिला. आण्णांचं दूध म्हणजे कपभर नव्हे. तालमीपासूनची सवय, सकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण, उभ्यानं, अर्धा लिटर. कट्ट्यावर जाणं थांबलं तरी घरी अर्धा लिटर चालूच होतं, आणि ऑगस्टपासून गोळी त्याच्याबरोबरच जात होती.

दोष अगदीच खोटा नव्हता. लेव्होडोपा हे एक अमिनो आम्ल. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला जी वाहनं वापरतं, त्याच वाहनांत प्रथिनांतून सुटलेली बाकी अमिनो आम्लंही चढतात. अर्धा लिटर म्हशीच्या दुधात वीसेक ग्रॅम प्रथिनं. एवढ्या गर्दीत शंभर मिलिग्रॅमच्या गोळीला जागा कुठली मिळणार? शिवाय लेव्होडोपा रक्तात टिकतं थोडं, साधारण दीड तासात निम्मं संपतं, त्यामुळे वेळ चुकली की चुकलीच. तरी हा परिणाम ठळक दिसतो तो आजार जुना झाल्यावर, गोळीचा असर तासातासाला चढायला-उतरायला लागल्यावर. आण्णांचं पहिलंच वर्ष होतं. दुधानं थोडं बिघडवलं असेल, इतकं नाही. दूध दोषी ठरवणं सगळ्यांच्या सोयीचं होतं, माझ्याही.

काकूंना एक गोष्ट मात्र बरोबर दिसली होती. "रविवारी दुपारचं जास्त जडावत्यात," त्या म्हणाल्या. रविवारी मटण. दुपारी एकची गोळी आणि तांबडा-पांढरा एकाच ताटावर. मग ठरलं असं: गोळी साडेबाराला, नुसत्या पाण्याबरोबर, ताट सव्वाला. सकाळची सातची तशीच, दूध आठनंतर. गोळीनं पोट ढवळलं तर भाकरीचा कोरडा तुकडा चालेल, दूध-दही-अंडं त्या अर्ध्या तासात नको. मटण बंद केलं नाही. मुलगा करायला निघाला होता, डॉक्टरांनीच अडवलं. या आजारात वजन आणि स्नायू तसेही उतरतात, त्यात प्रथिनं तोडली तर माणूस गोळीला नाही, जिन्याला हरतो.

फ्रिजवरचा कागद

त्या आठवड्यात मी एक कागद लिहून दिला, डॉक्टरांना दाखवून. वर गोळीची नावं आणि वेळा, आकडे फोडून: शंभर अधिक पंचवीस. खाली, देऊ नये अशी नावं: उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, चक्करवरचं प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, ॲसिडिटीच्या मिश्रणातलं लेव्होसल्पिराइड, झोपेसाठी किंवा भासावर हॅलोपेरिडॉल, ॲलर्जीचं प्रोमेथाझिन. यातलं एकही नाव दुर्मिळ नाही, सगळी माझ्या दुकानात हाताच्या अंतरावर आहेत. पुढे आण्णांना पार्किन्सनचंच आणखी एक औषध, रासाजिलीन, सुरू झालं तेव्हा कागदावर दोन नावं वाढली, दुखण्यावरचं ट्रामाडॉल आणि खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन. कागद फ्रिजवर, त्याचा फोटो दोन्ही मुलांच्या मोबाइलमध्ये.

तो कागद एकदा कामी आला. पुढच्या वर्षी आण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. रात्रीपासून उपाशी ठेवायचं म्हणजे सकाळची गोळीही नाही असं घरच्यांनी धरलं होतं. थोरल्यानं भूलतज्ज्ञांना विचारलं, ते म्हणाले घोटभर पाण्याबरोबर द्या, ती चुकवायची नाही. ऑपरेशननंतर मळमळ झाली, वॉर्डात इंजेक्शन भरून आलं. मुलानं नाव विचारलं. मेटोक्लोप्रामाइड. त्यानं मोबाइल पुढे केला. सिस्टर चिडल्या नाहीत, डॉक्टरांना विचारून ऑन्डान्सेट्रॉन घेऊन आल्या.

दुकानात मी दोन गोष्टी बदलल्या. या गोळीचा आकडा आता बेरजेनं बोलायचा नाही, पोरानंही नाही. "शंभर-पंचवीस आहे का?" असंच विचारायचं, होलसेलरला फोन करतानाही. आणि ती नसली तर 'नाही' म्हणायचं, डॉक्टरांना फोन लावायचा, दुसऱ्या दुकानातून चार गोळ्या उसन्या आणायच्या. त्यात पंधरा मिनिटं जातात. पार्किन्सनच्या प्रत्येक रुग्णाला पावसाळ्याच्या तोंडावर महिन्याचा साठा आधी न्यायला सांगतो. पंचगंगा काय करेल ते आपल्या हातात नाही. पोट हलवणारी मिश्रणं चिठ्ठीशिवाय द्यायची बंद केली, त्यावरून गिऱ्हाईक कुरकुरतं आणि पलीकडच्या दुकानातून घेऊन जातं. तिथे काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

आण्णा आता महिन्याला स्वतः येतात, मुलाच्या गाडीवर मागे बसून. मागच्या हंगामात नव्या गुळाचा खडा घेऊन आले होते, कागदात बांधून. "वास बघा," म्हणाले, "मला काय कळत न्हाई आता." गोळीनं पाय मोकळे होतात, हात थांबतो. वास परत येत नाही. मी हुंगून सांगितलं, चांगला आहे. त्यांनी माझ्याकडे जरा अविश्वासानं बघितलं. मेडिकलवाल्याला गुळातलं काय कळतंय.

स्ट्रिप हातात दिली की ते चष्मा काढतात, कपड्यानं पुसतात, डोळ्यांवर चढवतात आणि स्ट्रिप उजेडाकडे धरून मागची बारीक अक्षरं वाचायला लागतात. आधी शंभर शोधतात, मग पंचवीस. हात थोडा हलतो, त्यामुळे ओळ सुटते, परत पहिल्यापासून. मागे रांग लागते. परवा कुणीतरी म्हणालं, "आवरा की ओ आण्णा." त्यांनी मान वर केली नाही.

"थांब जरा," म्हणाले, "मोजून घेतोय."